ओली पोती

दुपारी दोन वाजता ठिपकीने जीभ बाहेर काढली आणि धाकटी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावली. गाय तोंड उघडं टाकून धापत होती, लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. धाकटीने घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजले. मिनिटाला शंभराच्या आसपास!

चार दिवसांत ठिपकीचं दूध अठरा लिटरवरून अकरावर आलं होतं, आणि त्याचं खापर थोरल्या जाऊबाईंनी धाकटीवर फोडलं होतं. "तुझा हात जड आहे. गाय पान्हा चोरते." गोठा जाऊबाईंचा, तिथे त्यांच्या शब्दाबाहेर माशीसुद्धा उडत नसे. उन्हाची झळ लागू नये म्हणून त्यांनीच सगळ्या खिडक्यांना पोती बांधली होती आणि तासातासाला त्यांवर पाणी मारत होत्या. त्यात मायाच होती, नाही कोण म्हणतंय? पण आत पाऊल टाकलं की न्हाणीघरात आल्यासारखं व्हायचं आणि पंखा तीच वाफ फिरवत बसायचा.

धाकटीने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. "मला यायला दीड तास लागेल," ते म्हणाले. "आधी ती पोती काढा. दमट हवेत कोंडलीत, तर तिच्या अंगातली उष्णता जाणार कुठून?"

धाकटी जाऊबाईंकडे वळली. "पोती काढायला हवीत."

"डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर ऊन आग ओकतंय!"

"ऊन छप्पर अडवतंय. आपण वारा अडवलाय."

"वीस वर्षं गोठा सांभाळतेय मी. काल आलेली तू मला शिकवणार?"

धाकटीला घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण जाऊबाईंच्या लेखी ती अजून कालचीच. दोघे भाऊ परगावी गेलेले, मध्ये पडायला कोणी नाही. तेवढ्यात ठिपकी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली.

धाकटीने विळा उचलला आणि पहिली दोरी कापली. जाऊबाईंनी तिचं मनगट धरलं. "गाय गेली तर?"

"तर माझ्या नावाने खडे फोडा! नाहीतरी फोडताच. पण आत्ता हात सोडा!"

तिचा आवाज या घरात पहिल्यांदाच चढला होता. जाऊबाईंची पकड सुटली.

पोती धपाधप खाली पडली. वारा आत शिरला, गरमच, पण कोरडा. धाकटीने पंखा गाईकडे वळवला आणि पाठीवर पाइप धरला. पाणी, मग नुसता वारा, परत पाणी. हात भरून आले तरी ती थांबली नाही. अर्ध्या तासाने श्वास मोजले तेव्हा सत्तर भरले. ठिपकी धडपडत उठली आणि तिने बादलीत तोंड खुपसलं.

जाऊबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी गाईच्या गळ्याला मिठी मारली. "माझंच चुकलं गं बाई."

धाकटीने पाइप बंद केला. हे शब्द ऐकायला ती सहा वर्षं थांबली होती, आणि मिळाले ते गाईला! तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

"ऐकलंस ना?" मागे न वळताच जाऊबाई म्हणाल्या. "मग परत म्हणायला लावू नकोस."