कोकोयची पत्र्याची रिक्षा

परदेशी जाऊन हात हलवत परत आलेल्या माणसाकडे मनिलाजवळच्या आमच्या मलाबोनमध्ये लोक विचित्र नजरेने बघतात. आईला, पोराला, शेजारणीला, झालंच तर शेजारणीच्या सासूलाही काहीतरी आणावंच लागतं. या भेटींना पासालुबोंग म्हणतात आणि त्यातून आजवर कोणी सुटलेलं नाही. पण ती खरेदी करायची शेवटच्या दिवशी. स्वस्तातलं तिकीट काढलं की सोबत सात किलोंची एकच बॅग नेता येते. ती पहिल्याच दिवशी भरून ठेवायची आणि मग सहलभर दुकानांपुढून हात चोळत फिरायचं, एवढी खुळी बाई मलाबोनमध्ये शोधून सापडायची नाही.

म्हणून बँकॉकला उतरल्या दुपारीच मारिजॉयने बाजारात मुलासाठी पत्र्याची खेळण्यातली रिक्षा विकत घेतली, तेव्हा एदलिनच्या मनात पाल चुकचुकली.

"अगं, आत्ताच?" ती म्हणाली. "अजून तोंडाला धड भात लागला नाही आणि तुझी खरेदी सुरू?"

"कोकोयला आवडेल."

"कोकोयला ती शनिवारीही आवडेल. पहिल्याच दुकानात कोणी रास्त भाव देतं का?"

मारिजॉयने भाव केलाच नाही. रिक्षेपाठोपाठ तिने हत्तींचा सदरा घेतला, आईच्या गुडघ्यांसाठी बामच्या डब्या घेतल्या, आणि सगळं एका पिशवीत बांधून छातीशी धरलं.

"घे बाई, घे," चोना म्हणाली. "फक्त नंतर माझ्या बॅगेत जागा मागू नकोस. माझ्याकडे सुकी मासळी आहे."

ते खरं होतं. चोना मलाबोनच्या बाजारात मासे विकायची आणि परक्या देशातल्या जेवणावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. तिने हॉस्टेलच्या खोलीत बॅग उघडली मात्र, वरच्या पलंगावरचा गोरा पोरगा उशी उचलून जो बाहेर गेला तो परत आला नाही. त्यामुळे खोली तिघींनाच मिळाली. चोनाच्या मते हा मासळीचाच आशीर्वाद होता.

तिघी एकाच गल्लीत वाढलेल्या. एदलिन दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देण्याचं काम करायची. मारिजॉयच्या मुलाच्या, कोकोयच्या बाप्तिस्म्यात ती त्याची निनांग, म्हणजे धर्मआई झाली होती, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या 'कुमारे' झाल्या, हाक मारताना नुसतं 'मारे' म्हणायच्या. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून हलकं धरत नाहीत. पोराच्या आईबापांना काही झालं, तर पोर निनांगच्या दारात येतं.

सहलीची कल्पना मारिजॉयचीच. रात्ररात्र जागून स्वस्त तिकिटं तिनेच शोधली, हॉस्टेल तिनेच ठरवलं. नोकरी गेल्यापासून तोंड पाडून बसलेली बाई जरा हसायला लागली, म्हणून बाकीच्या दोघीही हुरळून तयार झाल्या. मनिलाच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतल्या साहेबाने मारिजॉयला मात्र बराच वेळ अडवून धरलं. काम काय करता? करत नाही. मग फिरायला कशा जाता? शेवटी त्याने मागे उभ्या असलेल्या एदलिनला बोलावलं.

"ह्या तुमच्या कोण?"

"माझी कुमारे, साहेब. तिच्या मुलाची मी निनांग."

"परतही सोबत येणार?"

"सोबतच. मीच घेऊन येणार तिला."

साहेबाने एदलिनकडे नीट निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. पुढे आल्यावर मारिजॉयने एदलिनचा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. एदलिनला वाटलं, बिचारी घाबरली होती.

बँकॉकमधल्या त्या पहिल्या संध्याकाळी मारिजॉय बाजारातली पिशवी घेऊन एदलिनच्या पलंगाशी आली. "मारे, हे तुझ्या बॅगेत राहू दे. माझी भरलीये."

"भरली कशी? दे इकडे, मी लावून देते." एदलिनचा बॅगा लावण्यात हातखंडा होता. तिने मारिजॉयची बॅग पुढे ओढून चेन उघडली. वरच काळे, टाचांचे, ऑफिसला घालायचे बूट होते. खाली इस्त्री केलेले दोन पांढरे शर्ट. शनिवारी समुद्रावर जायचं होतं, पण पोहण्याच्या कपड्यांचा पत्ता नव्हता.

मारिजॉयने झटकन बॅग ओढून घेतली. "राहू दे गं. तुला नको असेल तर सांग."

"नको कशाला असेल," एदलिन म्हणाली आणि पिशवी ठेवून घेतली. पण सात किलोंमध्ये ऑफिसचे बूट? तिला बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नदीवर गेल्या. बोटीत मारिजॉय सारखी फोटो काढत होती. तिघींचा एक, मग अजून एक, मग चोनाचा तोंडात आंबा असताना एक.

"बास गं," चोना ओरडली. "मी काय मेलेय का, एवढे फोटो काढायला?"

तेवढ्यात मारिजॉयचा फोन वाजला. ती बोटीच्या टोकाला गेली. इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तीही मोठ्याने बोलत होती आणि एदलिनला सगळं ऐकू आलं. "हो सर. उद्या सकाळी. हॉस्टेलखाली. हो, पासपोर्ट हातातच ठेवते."

 त्यानंतरची देवळं एदलिनने पाहिली की नाही, हे तिलाही सांगता येणार नाही.

संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला मारिजॉय आणि ती, दोघीच होत्या. एदलिनने ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला. "मारे, तू रविवारी आमच्याबरोबर परत येणार आहेस ना?"

मारिजॉयने चिमटा लावला. मग दुसरा लावला. "मला नोकरी लागलीये," ती म्हणाली. "कंपनीची. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम. राहायला खोली देतात."

"कुठे?"

"शहराबाहेर. गाडी येणार आहे न्यायला."

"कुठे शहराबाहेर? गावाचं नाव काय?"

"नाव घेऊन काय करणार आहेस? तू कधी नकाशा पाहिलास?"

"मारिजॉय, टीव्हीवर रोज दाखवतात. अशाच गाड्या येतात न्यायला. सीमेपलीकडे नेतात, कुंपणात कोंडतात, लोकांना फोनवर फसवायला लावतात. आपल्या इथल्या किती पोरी..."

"त्या वेगळ्या!" मारिजॉय एकदम उसळली. "त्यांना कोणीही उचलून नेलं. माझी परीक्षा घेतलीये. तीनदा. टायपिंगची, बोलण्याची, आणि मोठ्या साहेबांनी स्वतः मुलाखत घेतली. शेकडो जणांतून निवडलं मला, कळतंय? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला निवडलं. नवऱ्याने टाकलं, ऑफिसने काढलं, गल्लीत बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करतात. आणि तू म्हणतेस, जाऊ नको!"

 एदलिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि राग उसळून आला.

"म्हणून आम्हाला आणलंस. एकटीला विमानात चढू दिलं नसतं, म्हणून. मी त्या साहेबासमोर शब्द दिला, आणि तू माझा हात दाबत होतीस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले!"

"मग?" मारिजॉयच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "शिव्या दे. पण ती पिशवी कोकोयला दे. सांग, आई लवकर येईल."

"नाही देणार."

मारिजॉयला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पोरासाठी आईने धाडलेली वस्तू पोचवायला कोणी नाही म्हणत नाही. दुष्मनही म्हणत नाही.

"तू त्याची निनांग आहेस."

"म्हणूनच. तो रिक्षा हातात घेईल आणि विचारेल, आई कुठाय. मी काय सांगू? त्याची वस्तू तू ने. नाहीतर ती इथेच राहील."

दोघी त्यानंतर बोलल्या नाहीत. एदलिनने चोनाला सगळं सांगितलं, तेव्हा चोनाने आधी मारिजॉयला मोजून शिव्या दिल्या, मग खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर अंथरूण घातलं. "आता कशी जाते बघते," म्हणाली, आणि पडल्या पडल्या घोरायला लागली.

सकाळी चोना दारापासून बाजूला सरकवलेली होती आणि मारिजॉयचा पलंग रिकामा होता.

एदलिन अनवाणी जिने उतरली. खाली रस्त्याच्या कडेला राखाडी व्हॅन उभी होती. काचा काळ्या. मारिजॉय आत बसली होती, पांढऱ्या शर्टात, पायात ते काळे बूट. दाराशी एक तरुण उभा होता, आपल्याकडचाच, तागालोग बोलणारा, केसांना तेल लावून चापून बसवलेले. मारिजॉयचा पासपोर्ट त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

"मारे, खाली उतर," एदलिन म्हणाली.

"मॅडम, प्लीज," तरुण अदबीने म्हणाला. "आम्हाला उशीर होतोय."

"तुझ्या पाया पडते, उतर."

मारिजॉय समोर बघत राहिली. ती जागची हलली नाही.  मारिजॉयला एकटीला जाऊ देणं एदलिनला शक्यच नव्हतं. मागून धापा टाकत चोना आली, तसं एदलिन बोलून गेली, "ठीक आहे. मग आम्हीही येतो."

"काय?" चोना म्हणाली.

"आम्हालाही नोकरी पाहिजे," एदलिन तरुणाला म्हणाली. "तिघी एकत्र राहू."

मारिजॉयने मान वळवली. "असं होत नाही, मारे. परीक्षा असते."

तरुणाने दोघींकडे पाहिलं, बाजूला जाऊन फोनवर दोन वाक्यं बोलला आणि हसत परत आला. "बॉस हो म्हणाले. या, बसा. पासपोर्ट द्या."

 एदलिन म्हणाली, "मला टायपिंग येत नाही."

"तिथे शिकवतात."

"आणि हिला? ही मासे विकते. शाळा सहावीत सोडली हिने."

"इंग्लिश येतं थोडं?"

"येस, नो, किलो," चोना म्हणाली.

"चालेल, चालेल," तरुण म्हणाला. "बसा लवकर."

व्हॅनमधून मारिजॉयचा आवाज आला. इतका बारीक की तो तिचाच आहे हे एदलिनला पटेना. "सर, यांची परीक्षा?"

"लागत नाही."

"माझी तीनदा घेतलीत."

"मॅडम, जागा भरायच्यात. आत सरका."

मारिजॉयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो चेहरा एदलिनला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. मग मारिजॉय उठली. "माझा पासपोर्ट द्या."

"बसा आधी. मग बोलू."

"मला उतरायचंय. पासपोर्ट द्या."

त्याची अदब क्षणात गळून पडली. एका हाताने त्याने तिला आत ढकललं आणि दुसऱ्याने दार ओढलं. एदलिनने दाराच्या फटीत आपला दंड घातला. दार दंडावर बसलं आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिने हात काढला नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

तेव्हा चोनाने तोंड उघडलं. पहाटेच्या लिलावात शंभर बायकांच्या गलक्यावरून गिऱ्हाईक ओढून आणणारा तो आवाज. ती व्हॅनच्या पुढ्यात गेली, रस्त्यात फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी बंपर बडवू लागली. "पळवतायत! माझी बहीण पळवतायत! या रे या, सगळे या!" भाषा कोणाला कळली नसेल, पण अर्थ सगळ्या गल्लीला कळला. दुकानातली माणसं बाहेर आली. कोपऱ्यावरचे भाड्याच्या मोटारसायकलींचे चालक उठून उभे राहिले. कोणी फोन वर धरले.

तरुणाने चारी बाजूंना नजर फिरवली. मग त्याने खिशातला पासपोर्ट रस्त्यावर भिरकावला आणि मारिजॉयला खांद्याला धरून बाहेर लोटलं. व्हॅन मागे गेली, वळली आणि निघून गेली. मारिजॉयची बॅग आतच राहिली.

चोना उठली. तिने पासपोर्ट उचलला, स्कर्टला पुसला आणि मारिजॉयच्या हातात न देता स्वतःच्या ब्लाउजच्या आत घातला. "हा आता माझ्याकडे," ती म्हणाली. "हात घालून बघ काढायला."

तिघी फुटपाथवर बसल्या. मारिजॉयचा एक बूट व्हॅनबरोबरच गेला होता. रडता रडता ती तुटक बोलली, "मला वाटलं, मी खरंच चांगली आहे कामात."

"आहेस," एदलिन म्हणाली. तिचा दंड सुजत चालला होता. तिचा राग गेला नव्हता, आणि तो गेलाय असं तिने दाखवलंही नाही. "पण माझ्याशी खोटं बोललीस. ते मी विसरणार नाही."

"नको विसरू."

वर खोलीत आल्यावर एदलिनने बॅगेतून ती पिशवी काढली आणि मारिजॉयच्या मांडीवर ठेवली. पत्र्याची रिक्षा, हत्तींचा सदरा, बामच्या डब्या. अंगावरचे कपडे आणि फोन सोडले, तर मारिजॉयकडे आता एवढंच सामान उरलं होतं.

"तुझे सातही किलो मोकळे आहेत," एदलिन म्हणाली. "तूच ने. आणि त्याच्या हातात तूच दे."

मारिजॉयने रिक्षा दोन्ही हातांत घेतली. चोनाने सुक्या मासळीचं पुडकं उघडलं आणि भात मागवायला खाली गेली.