टेकडीवरचे नऊ अंश

खोऱ्याच्या तळाशी असलेल्या हवामान केंद्रात ताईंची एकोणीस वर्षं गेली होती. रोज सकाळी सातला अंगणातल्या पांढऱ्या लाकडी पेटीतला थर्मामीटर वाचायचा, आकडा वहीत चढवायचा आणि मुख्य ऑफिसला फोन करायचा. म्हणूनच टेकडीवर नवं केंद्र निघालं आणि तिथे धाकट्या भावाच्या बायकोची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागे त्या भावाकडे आठवडाभर राहिल्या होत्या, तेव्हा ही बाई नऊशिवाय अंथरूण सोडत नव्हती. ती सातचा आकडा वाचणार?

हिवाळा आला आणि फोनवर ऑफिसकडून कळणाऱ्या टेकडीच्या आकड्यांनी संशय पक्का केला. खाली तीन अंश, तर टेकडीवर नऊ! उंचावर गारवा जास्त, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"अंथरुणात लोळत आकडे ठोकून देते," ताई नवऱ्याला म्हणाल्या.

"पण ढगाळ दिवशी तिचा आकडा तुझ्यापेक्षा कमीच असतो की."

"त्या दिवशी उठत असेल लवकर!"

तक्रार करायची तर पुरावा हवा. एका निरभ्र पहाटे ताईंनी सातच्या वाचनाचं काम नवऱ्यावर सोपवलं, जादाचा थर्मामीटर पिशवीत टाकला, शाल, स्वेटर, कानटोपी चढवली आणि टेकडीची वाट धरली. वारा अजिबात नव्हता. पायथ्याशी गवतावर पांढरं हिव साचलं होतं, धुक्यात चार हातांवरचं दिसत नव्हतं. अर्ध्या वाटेवर धुकं संपलं आणि ताईंना शाल नकोशी झाली. चढाने अंग तापलं असेल, म्हणून त्या दगडावर घटकाभर टेकल्या. तरी गार वाटेना. त्यांनी थर्मामीटर काढला. सात अंश! त्यांनी तो झटकला, पुन्हा पाहिला. सातच.

"हाही तिला फितूर झाला की काय?" त्या पुटपुटल्या.

सातला पाच कमी असताना त्या वर पोहोचल्या आणि पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसल्या. भावजय पेटीपाशी आधीच हजर होती. अंगावर साधी ओढणी. सातच्या ठोक्याला तिने पेटीचं दार उघडलं, वाकून नीट पाहिलं आणि वहीत लिहिलं.

"थांब!" ताई पुढे झाल्या. "मला बघू दे."

पेटीत नऊ अंश. वहीत नऊ. ताईंच्या हातातल्या थर्मामीटरवरही नऊ.

"माझी चोरी पकडायला आलात ना, ताई?"

"हो," ताई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"मला वाटत होतं, तुमचाच थर्मामीटर बिघडलाय. मी ऑफिसला तसं लिहिलंसुद्धा."

"माझी तक्रार केलीस?" ताईंचा पारा चढला.

भावजयीने आतून ऑफिसचं उत्तराचं पत्र आणून पुढे धरलं. ताईंनी आधी शिक्का तपासला, मग तारीख, मग मजकूर. आकाश निरभ्र आणि हवा स्थिर असली की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून घसरते आणि खोऱ्यात साचते. ढग असले की जमिनीची ऊब फारशी निसटत नाही, मग असं घडत नाही. दोन्ही केंद्रांचे आकडे बरोबर आहेत.

ताईंनी खाली पाहिलं. दुधाने भांडं भरावं तसं खोरं धुक्याने काठोकाठ भरलं होतं. त्यांचं घर त्याच्या तळाशी होतं.

"पण मग तेव्हा नऊ-नऊपर्यंत झोपायचीस, ते?"

"तेव्हा बाळ पोटात होतं, ताई. सकाळी मान वर करवत नव्हती. तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं."

ताईंनी हातातला थर्मामीटर पिशवीत ठेवला. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. आणि तुझंही. मला आधी विचारायचंस."

"तुम्ही विचारलंत?"

दोघींनाही हसू फुटलं. भावजय ऑफिसला फोन लावायला आत गेली. ताई मात्र पेटीजवळच्या एका दगडावर बसून ते पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.