रुमालाची जागा

"वहिनी, गेल्या वर्षी रुमाल दोनदाच काढायला लावलात. लोक तिसऱ्यांदा रडायला तयार होते आणि माझ्याकडे वाक्यच नव्हतं," हेंड्रिक कुरकुरला.

केटुरानं पिसाच्या लेखणीला टोक काढणं थांबवलं नाही. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गावच्या मैदानावर दिराचं भाषण व्हायचं आणि अकरा वर्षं ते ती लिहून द्यायची. आवाज कुठे कापरा करायचा, रुमाल कुठे काढायचा, याच्या खुणासुद्धा कागदाच्या कडेला. चारचौघांत रडल्याशिवाय न्यू जर्सीत कुणाला कुणी देशभक्त म्हणत नसे.

तिची अडचण एवढीच, की आपण लिहिलेलं तिला खरं वाटायचं. नवरा स्वातंत्र्ययुद्धात, मॉनमथच्या लढाईत गेला. शेत तिच्या नावावर आलं, आणि तेवढी मालमत्ता असलेल्या विधवेला या राज्यात मत होतं. निवडणुकीला ती ठेवणीतली बॉनेट बांधून, स्वतः गाडी हाकत जायची. भाषणातल्या 'आपण सारे'मध्ये आपणही आहोत, हे तिला तिथे पटायचं.

गेल्या नोव्हेंबरात, १८०७ साली, विधानसभेनं कायदा केला: मत फक्त गोऱ्या पुरुषांना. हेंड्रिक तिथला सभासद. त्यानंतर घरात मेंढ्यांवर बोलणं झालं, चीजवर झालं, पाद्रीबुवांच्या दातदुखीवरही झालं.

"यंदा मातांवर घ्या," हेंड्रिक म्हणाला. "त्यांचं कोमल काळीज वगैरे. तुम्हाला छान जमतं ते."

"आणि मताचं?"

"अहो, सभेनं ठरवलं. पुरुष बायकांचे झगे घालून दोनदोनदा मत देत होते!"

"मग मत पुरुषांचं काढायचं."

वाटाणे सोलणारी हेंड्रिकची बायको लीआ फिस्सकन हसली.

"थट्टा नको, वहिनी. मला काय कमी दुःख झालं? रडलो मी त्या दिवशी."

केटुराचं टोक काढणं आता थांबलं. "कोणत्या वाक्याला, भावजी?"

हेंड्रिक खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कोंबड्या होत्या.

लीआनं शेंगांची टोपली खाली ठेवली.

"जाऊबाई, मी होते ट्रेंटनला, विधानसभेच्या वरच्या सज्जात. सभेचं काय घेऊन बसलात, हे स्वतः उभे राहिले. 'मातांच्या कोमल काळजाला मतपेटीची धूळ लागू नये' म्हणाले, आणि तुमचं गेल्या चार जुलैचं अख्खं भाषण म्हणून दाखवलं. मग कायद्याच्या बाजूनं पहिला हात यांनीच वर केला. दुसऱ्या हातात रुमाल होता."