दम-डबी

"धाड! स्पीकरमधून असं होतं बघा," औषधाच्या दुकानवाल्यानं दोन्ही हात स्वतःच्या छातीवर आपटून दाखवले. "मागच्या सीटवर आई. परवा तर बिचारी चपला गाडीतच टाकून खाली उतरली! म्हणाली, तू तुझी तोफ घेऊन हो पुढं, मी येते चालत."

ताईला हसू आवरेना. गाड्यांना स्पीकर बसवायचं तिचं दुकान म्हणजे जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा. त्यामुळे तिचं हसू पार रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

"रोज होतं का हो?"

"तीच तर गंमत! सकाळी अगदी शहाण्यासारखी सुरू होते. पण वाटेत मिनिटभर बंद करून लगेच चालू केली, की धाड!"

ताईचं हसू एकदम थांबलं.

"कुणी बसवलंय?"

"कोपऱ्यावर नवीन काचेचं दुकान झालंय ना, तिथं. त्यांचा संध्याकाळचा कारागीर आहे. हात काय सफाईदार आहे हो त्याचा! पण हे असं."

आता यातली मेख अशी. चावी फिरवली की गाडीतला रेडिओ जागा होतो, आणि जागा होताना एक झटका सोडतो. अँप्लिफायर त्याच्या आधी जागा झालेला असला, तर तो झटका चांगला फुगवून स्पीकरवर फेकतो. म्हणून दोघांच्या मध्ये एक डबी बसवायची. तिच्यातला कपॅसिटर विजेनं हळूहळू भरतो, भरला की रिलेचा खटका टक्क करून लागतो आणि मग अँप्लिफायरला वीज मिळते. तोवर रेडिओचं आळोखेपिळोखे देणं उरकलेलं असतं. ताईचे वडील तिला दम-डबी म्हणायचे. अँप्लिफायरला दम धरायला लावणारी!

मात्र गाडी बंद झाली की तो कपॅसिटर रिकामा व्हायला हवा. त्यासाठी त्याला वाट करून देणारा एक चिमुकला रेझिस्टर लावायचा. तो नसेल तर कपॅसिटर भरलेलाच राहतो, आणि लगेच गाडी सुरू केली तर डबी दम कसला धरते!

हा रेझिस्टर कायम गाळणारा एकच माणूस ताईला माहीत होता. तिचा धाकटा भाऊ, बारक्या. वडिलांनी ज्या दिवशी तो शिकवला, त्या दिवशी स्वारी तापानं फणफणून अंथरुणात होती. पुढं ताईच म्हणाली, "जाऊ द्या बाबा, चुका काढल्या की तो दिवसभर गाल फुगवून बसतो. मी टाकत जाईन मागून." आणि ती खरंच टाकत आली. बारक्यानं केलेली प्रत्येक डबी ती गुपचूप उघडायची, रेझिस्टर जोडायची आणि बंद करायची. त्याला वाटे, आपला हात म्हणजे सोनं!

"असेल दुसरा कुणीतरी विसरभोळा," ती स्वतःशीच पुटपुटली. कारण बारक्याची तर कंबर गेली होती ना! कितीतरी महिने तो संध्याकाळ झाली की कण्हत कण्हत शेक घ्यायला जात होता. बासच्या स्पीकरच्या धोंड्यासारख्या जड पेट्या ताई एकटीच उचलत होती. खांद्याला वळ पडले होते, पण त्याला दिसू नयेत म्हणून ती ओढणी घेऊन काम करायची. गरम पाण्याची पिशवीसुद्धा तिनंच आणून दिली होती. चांगली जाड, लोकरीच्या खोळीची!

तिनं डॅशबोर्डखालून डबी काढली, झाकण उघडलं. तारांना बारक्या मारतो तीच दुहेरी गाठ. रेझिस्टरची जागा रिकामी.

"काय झालंय?" औषधवाल्यानं विचारलं.

"काही नाही. एक वस्तू राहिलीय." तिनं रेझिस्टर जोडला. चावी फिरवली, बंद केली, लगेच पुन्हा फिरवली. शांतता. मग टक्क, आणि मग गाणं. औषधवाला इतका खूश झाला, की आईला आणायला तसाच निघाला.

थोड्या वेळानं बारक्या आला. एक हात कमरेवर, चेहरा कसनुसा. "ताई, आज जरा लवकर निघू का गं? फारच धरलीय."

"जा की. एवढी पेटी फळीवर चढवते, मग दार ओढून घेते."

तिनं पेटी उचलली. छातीपर्यंत आली आणि घामेजलेल्या बोटांतून निसटली.

"अगं ताई, पाय!"

बारक्या वाऱ्यासारखा धावला. वाकला, पेटी अधांतरी झेलली आणि उचलून ताठ उभा राहिला. "लागलं नाही ना गं? दाखव बघू!" ती काळजी खरी होती, अगदी शंभर टक्के खरी. ताईला तेच सहन होईना.

ती त्याच्या कमरेकडे बघत राहिली.

तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. त्यानं पेटी खाली ठेवली. मग हात कमरेकडे गेला, पण अर्ध्या वाटेतच थांबला.

"ताई, मी सांगणारच होतो गं. तिकडं ते मला..."

"औषधवाल्याची गाडी आली होती."

ताईनं खणातून रेझिस्टरची पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्या डबीत हा राहतो. पहिल्यापासून राहतोय."

"पण इथं तर कधी कुणाची तक्रार..." बोलता बोलता तो अडखळला. कामाच्या टेबलावर त्याच्या कालच्या डब्या होत्या. झाकणं आज उघडीच राहिलेली, प्रत्येकीत रेझिस्टर जोडल्याचा एक नवा टाका, अजून चकाकणारा.

"तिकडं मागून टाकायला कुणी नसेल," ताई म्हणाली. "आठवणीनं टाकत जा."

त्यानं पेटी उचलायला हात पुढे केले. ताईनं ओढणी काढून खुंटीला अडकवली, वळ उमटलेल्या खांद्यावर पेटी घेतली आणि फळीकडे गेली.