डावीकडून येते गं

छपराखाली धावायचं म्हणजे काय, हे गेनरला पन्नाशी उलटली तरी माहीत नव्हतं. तिचं सगळं धावणं डोंगरावरचं. चिखल, मेंढ्या, दगडी कुंपणं आणि कान बधिर करणारं वारं. पण काउंटीच्या संघात पन्नाशीपुढच्या बायकांची एकच जागा उरली होती, आणि ती एकतर तिला मिळणार होती, नाहीतर शेजारच्या खोऱ्यातल्या क्लबच्या मोइराला. आज शेफील्डच्या बंदिस्त स्टेडियममध्ये पंधराशे मीटरच्या शर्यतीत दोघींपैकी जी पुढे येईल ती संघात. गेनरला ती जागा जिवापाड हवी होती, आणि हे तिनं सगळ्या क्लबात सांगून ठेवलं होतं.

सुरुवातच धड झाली नाही. दारावरच्या माणसानं तिचे बूट उलटे केले आणि मान हलवली.

"हे खिळे डोंगरावर ठेवा, बाई. इथली जमीन फाडायची नाहीये आम्हाला."

मग काय, गुडघ्यांवर बसून एकेक लांब खिळा काढा आणि त्याजागी बुटका बसवा. तिला धावायला शिकवणारा म्हातारा क्लिफर्ड शेजारी चहा पीत उभा होता.

"चिडू नकोस पोरी. चिडलीस की खांदे वर जातात तुझे."

"मी चिडलेले नाही," गेनर चिडून म्हणाली.

शर्यत सुरू झाली तेव्हा तिला कळलं की आपण फसलो. सरळ धावतोय असं वाटेपर्यंत वळण यायचं, आणि वळणावरची वाट मुद्दाम तिरपी केलेली, जणू घराचं उतरतं छप्परच. एक पाय वर, एक खाली. हवा इतकी कोरडी की घशात कुणी पीठ भरलंय असं वाटावं. पुढे जायला बघावं तर पुन्हा वळण, मग बाहेरून लांबचा वळसा, आणि तेवढ्यात समोरची बाई कोपर काढायची. डोंगरावर निदान शिव्या द्यायला जागा असते. इथे श्वास पुरत नव्हता.

तरी पठ्ठी हटली नाही. एकेकीला मागे टाकत गेली आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा सगळ्यांत पुढे होती. आतली, म्हणजे डावी कड धरलेली, मागे फक्त मोइराचे पाय वाजत होते. कठड्यापाशी क्लिफर्ड ओरडत होता, "आत राहा! आतच राहा!"

शेवटच्या वळणावर मागून आवाज आला.

"डावीकडून येते गं."

आणि गेनर उजवीकडे सरकली.

त्यांच्या डोंगरांवर वाट असते पाऊलभर रुंद. मागून कुणी हाक दिली की पुढच्यानं झुडपात पाय घालून बाजूला व्हायचं. कोण आहे, कुठल्या क्लबचा, हे बघायचं नाही. जो वाट अडवतो त्याला खोऱ्यातल्या एकाही पबमध्ये कुणी जवळ बसवत नाही. तीस वर्षं गेनरनं वाट दिली होती, तशीच आजही दिली. मोइरा आतून सटकन निघून गेली. गेनरच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मोइरा रेषेवर छाती टाकत होती.

हातातोंडाशी आलेला घास तिनं स्वतःच वाढून दिला होता.

"मी सरकले का?" खोकत खोकत ती क्लिफर्डला विचारत होती. "कुणी सांगितलं होतं मला सरकायला?"

"जित्याची खोड, पोरी. घे, चहा घे."

"चहा घाला चुलीत. तिला ठाऊक होतं मी सरकणार. मुद्दाम हाक मारली बयेनं."

मोइरा तिकडूनच येत होती, तोंड लाल झालेलं. "गेनर, अगं, तोंडातून गेलं माझ्या. सवयीनं."

"हो का? आणि जागा? तीपण सवयीनंच घेतलीस वाटतं."

मोइरा तशीच वळून गेली.

आठवडाभर गेनर धुमसत राहिली. भांडी आपटली, कुत्र्यावर ओरडली. हरल्याचं दुःख होतंच, पण फसवलं गेल्याचा राग त्याहून बरा होता. तो निदान कुणावर तरी काढता येत होता.

पुढच्या रविवारी डोंगरावरची शर्यत होती. फाटक ओलांडून उतार लागला आणि समोर मोइराची पाठ दिसली. वाट चिंचोळी, दोन्हीकडे दलदल. गेनरनं ठरवलं, बघूच आता. हिनं सरकू नये, अशी तिची मनापासून इच्छा होती. एकदा अडव म्हणावं, म्हणजे सगळ्या खोऱ्याला सांगता येईल ही कोण आहे ते.

"डावीकडून येते गं," ती आवाज बदलून म्हणाली.

मोइरा तत्क्षणी बाजूला झाली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. गुडघाभर काळ्या चिखलात उभी राहिली, आणि हातानं पुढे जा अशी खूण केली.

"थँक्यू गं," गेनरच्या तोंडून निघून गेलं, सवयीनंच.

पुढची सगळी वाट मोकळी होती. ती धावत राहिली, आणि आता रागवायला तिच्यापाशी स्वतःशिवाय कुणीच उरलं नव्हतं.