मालेम लार्बीनं रोजा मोडला

मफद्दलला या प्रकरणातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याला कुणी भुलायला नको. नदीकाठची मोक्याची जागा, दोन भट्ट्या, पाच चाकं आणि मातीचं अख्खं कोठार. बाजारभावानं आठ लाख दिरहम. दर शनिवारच्या मेणबत्त्या वेगळ्या. आणि या बदल्यात त्यानं द्यायचं काय? एक मेलेला माणूस, आठवड्यातून वीस मिनिटं, पडद्यावर.

गर्दी तर अशी की उरूस फिका पडावा. मालेम, म्हणजे उस्ताद, लार्बीच्या कार्यशाळेत चाकं भिंतीला लावून जागा केलेली, बायका पुढे, पुरुष मागे, आणि मातीच्या गोणींवर उरलेलं आमचं सले शहर. समोर मोठा पडदा. सात वाजले की पडद्यावरच्या अंगणाचं दार उघडायचं आणि तीन महिन्यांपूर्वी आम्ही खांद्यावरून नेऊन पुरलेला लार्बी सावकाश चालत आत यायचा.

हे अंगण काय ते सांगतो. आमच्या कुंभारवाड्यात अठरा कुंभारांची सहकारी संस्था. महासाथीच्या वर्षी गिऱ्हाईक यायचं थांबलं, तेव्हा लार्बीच्या पुढाकारानं त्यांनी इंटरनेटवरच्या एका आभासी जगात अंगण भाड्यानं घेतलं. मधे कारंजं, भोवती बैठका. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, हातांत दोन मुठी धरायच्या, की तुमच्या तोंडवळ्याचा बाहुला तिथे वावरू लागतो. तुम्ही हात हलवलात की तो हलवतो, तुम्ही बोललात की तो बोलतो. लिआँचा व्यापारी बेर्तलाँ लिआँत, आमचा लार्बी इथे भट्टीशेजारी, आणि दोघांचे बाहुले कारंज्याकाठी बसून ताजिनांच्या, म्हणजे झाकणवाल्या मातीच्या भांड्यांच्या, भावावरून हुज्जत घालताहेत! नमाजानंतर गप्पांनाही मंडळी तिथेच जमायची. कामाची चीज होती. माझं दुकान रंगांचं. कुंभारांना ऑर्डर मिळाली तर माझी चूल पेटणार, म्हणून मीही दर शनिवारी सातच्या सभेला हजर.

नोव्हेंबरात लार्बी गेला. चाळिसाव्याचं जेवण झालं आणि पुढच्याच शनिवारी त्याचा बाहुला अंगणात येऊन आपल्या जागी बसला. चहाचा पेला उचलला. छातीवर हात ठेवून किंचित झुकला. अगदी त्याच्याच लकबीत. बोलला मात्र काही नाही. त्याची बायको लल्ला रकिया तिथल्या तिथे कोसळली.

आणि ती शुद्धीवर यायच्या आत मफद्दल तिच्या उशाशी हजर होता.

हा मफद्दल तीन वर्षांपूर्वीपर्यंत बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. धंदा बसला तशी दाढी वाढली, दाढीबरोबर नावाआधी 'सिदी' ही साधुपुरुषाची पदवी लागली. लार्बी गेल्यावर फोनमधले फोटो काढून घ्यायला लल्ला रकिया याच्याचकडे गेली होती. हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि विचार करणं यांत माणसं केवढं अंतर ठेवतात!

"देह म्हणजे काय, बायांनो?" मफद्दल डोळे मिटून विचारायचा. "मडकं! मडकं फुटलं, पाणी कुठे गेलं? आटलं? नाही! जिथे देहाची गरजच नाही अशा जगात गेलं. आणि असं जग तुमच्यासमोर उघडं आहे. आत्म्याला वाय-फाय लागत नाही, भगिनींनो!"

"वाहवा!" करायला बूसल्हाम होताच. हा संस्थेतला सगळ्यांत तगडा कुंभार. मेंदूची माती मात्र कच्चीच राहिलेली.

"आवाज का नाही मग?" कुणीतरी एकदा विचारलं.

"आवाज कबरीची अमानत असतो," मफद्दल म्हणाला आणि दोन्ही पंजे वर केले. "बघा माझे हात. रिकामे आहेत. फोन आहे? कळ आहे? तुमच्यात बसलोय. हा मी चालवतोय का?"

नव्हताच तो चालवत. सगळ्यांना गार करणारा मुद्दा हाच होता.

मग प्रश्न. लोक चिठ्ठ्या द्यायचे, मफद्दल त्यातली एक निवडायचा, ती वाचण्याआधी लांबलचक दुआ म्हणायचा, मधेच त्याला खोकल्याची उबळ यायची, आणि प्रश्न विचारला रे विचारला की लार्बी छातीवर हात ठेवायचा. म्हणजे होकार. पडद्यावर पेटणारी मेणबत्ती वीस दिरहमला. मालेमच्या बैठकीशेजारची आभासी जागा नऊशेला; बूसल्हामनं दोन घेतल्या, एक स्वतःला, एक सासूला.

मशिदीतले इमाम एकदाच म्हणाले, "मेलेले चहा पीत नाहीत रे." त्यांना लोकांनी जुन्या वळणाचे ठरवलं.

बिचारा बेर्तलाँ शनिवारी सातला यायचा, मेणबत्त्यांच्या झगमगाटात उभा राहून भावाचं विचारू पाहायचा आणि 'शूऽऽ' ऐकून परत जायचा.

फेब्रुवारीत मफद्दलनं खरा डाव टाकला. "लल्ला, अंगणाचं भाडं मार्चअखेर संपतंय. अंगण बंद झालं तर मालेम दुसऱ्यांदा मरतील. कायमचं विकत घेता येईल, पण रक्कम मोठी आहे. कार्यशाळा माझ्या नावावर करा. बाकी मी बघतो."

"त्यांना विचारा," ती म्हणाली.

विचारलं. लार्बीनं छातीवर हात ठेवला. रमजानच्या दुसऱ्या सोमवारी लेखनिकाकडे जाऊन सही करायचं ठरलं.

तिची भाची हसना भडकली. ही पोरगी कॉल सेंटरात. फ्रान्समधल्या लोकांची बिघडलेली धुलाईयंत्रं दिवसभर इथून फोनवर सुधारते. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? छप्पर कुणाच्या बापाचं राहील मग?"

"तू त्यांना बघितलंस का? ते मला हो म्हणतात गं."



रमजानचा पहिला शनिवार. त्या महिन्यात आमचं सरकार सगळी घड्याळं तासभर मागे घेतं, त्यामुळे सहा पंचवीसला सूर्य मावळणार, रोजा सोडून सातला सभा, असं सगळं आरामशीर जमत होतं. सहाच्या आधीच माणसं जमली. हरीरा सूपचं पातेलं उतरवलेलं, खजुरांची ताटं मांडलेली, पोटं पाठीला लागलेली, आणि कुणीही कशाला हात लावत नव्हतं. पडदा नेहमीसारखा चालूच होता.

सहाच्या ठोक्याला अंगणाचं दार उघडलं. लार्बी आला, बसला, पेला उचलला आणि लख्ख उजेडात सगळ्यांदेखत चहा प्यायला!

एका बाईच्या हातून ताट पडलं.

"नाही," लल्ला रकिया म्हणाली. "हजार अंशांच्या भट्टीपुढे उभं राहून या माणसानं घोटभर पाणी घेतलं नाही कधी. चाळीस वर्षं. रोजा मोडणारे ते नव्हेत."

पावणेसातला मफद्दल पोटभर जेवून, ओठ पुसत आला. प्रकार कळल्यावर क्षणभरच गडबडला. "मेलेल्यांना रोजा माफ असतो, बायांनो! तिकडे रोज ईद!"

"माफ असेलही," हसना म्हणाली, "पण सिदी, तिकडे घड्याळ कुठलं चालतं?"

"काळाच्या पलीकडे आहे ते जग!"

"अहो, पलीकडे कसलं? बरोब्बर एक तास अलीकडे आहे! या एका तासानं मी पिचून गेलेय. दर रमजानात आमचं घड्याळ मागे जातं, फ्रेंचांचं जात नाही. त्यांचे सात म्हणजे आपले सहा. माझी पाळी तासभर आधी सुरू होते, झोपेचं खोबरं होतं. आता लार्बीकाका जन्मात कधी फ्रान्सला गेले नाहीत. मग मेल्यावर फ्रान्सच्या घड्याळानं कसे चालायला लागले?"

सात वाजले. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. कुणी आलं नाही.

"तुमच्या संशयानं रुसले ते!" मफद्दल गरजला. बूसल्हामनं हसनाकडे असं पाहिलं, की तिनंच लार्बीला दुसऱ्यांदा मारलं असावं.

त्या आठवड्यात हसनानं संस्थेच्या जुन्या सभा काढल्या. ऑर्डरीवरून पुढे भांडणं नकोत म्हणून प्रत्येक सभा नोंदून ठेवायची रीतच होती. मरायच्या महिनाभर आधीची एक सभा तिनं मला दाखवली. पाहिलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मावशीला आत्ताच दाखवू," मी म्हटलं.

"नको, सी थामी. आत्ता दाखवलं तर मफद्दल म्हणेल, पोरीनं बनावट केलं. तिच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच दरबारात व्हायला हवं."

दुसरा शनिवार. सोमवारच्या सहीचे कागद लल्ला रकियाच्या मांडीवर. मफद्दलनं चूक दुरुस्त केली होती. लार्बी या वेळी आमच्या सातला आला. हसना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मावशीशेजारी उभी. मफद्दलची दुआ सुरू झाली, लांबली, खोकला आला. आणि नववं मिनिट भरायला चारपाच सेकंद असताना हसना ओरडली,

"लार्बीकाका! हा मफद्दल तुमच्या नावानं चोरी करतोय, खरं की नाही?"

मालेम लार्बीनं छातीवर हात ठेवला आणि अदबीनं मान झुकवली.

 आधी तोंड उघडलं बूसल्हामनं. "मालेम खोटं बोलायचे नाहीत हां," तो पुटपुटला.

"सैतान शिरलाय त्याच्यात!" मफद्दल किंचाळला.

"मग सैतान आता डावीकडे वळून बघणार," हसना म्हणाली. "पाच, चार, तीन, दोन..." लार्बी डावीकडे वळला. "आता पेला खाली ठेवणार." ठेवला. "आता दाढी खाजवणार." खाजवली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग गोणीच्या गोणी हसायला लागल्या.

तिनं पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर ती जुनी सभा लावली. तोच लार्बी, तेच चालणं, तोच पेला. इथे मात्र आवाज होता, आणि डावीकडे बेर्तलाँ बसलेला. तो म्हणाला, साठ ताजिनं, निळी, जानेवारीपर्यंत. लार्बीनं छातीवर हात ठेवला. "शब्द दिला, मुसिओ."

सगळी करामत एवढीच. दुरुस्तीला आलेल्या फोनमधून मफद्दलनं लार्बीचा पासवर्ड घेतला. त्याच्याच खात्यातली एक सभा निवडली, आवाज वगळून फक्त हालचाली उचलल्या. फ्रान्समधला एक संगणक स्वस्तात भाड्यानं घेतला आणि दर शनिवारी सातला तो खेळ आपोआप सुरू होईल असं लावून दिलं. म्हणून हात रिकामे. होकार नवव्या मिनिटाला ठरलेला. प्रश्न तेवढा खोकून-खाकरून तिथवर ढकलत न्यायचा.

लल्ला रकिया हसली नाही. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांच्या मागेच उभी होते." मग म्हणाली, "ते लिआँवाल्याला हो म्हणत होते. मला नव्हे."

कागद तिनं हरीराच्या चुलीत घातले. मग हसनाला विचारलं, "हे बंद कुठून करतात?" आणि तिनं दाखवलेली कळ स्वतः दाबली.

या गोंधळात मफद्दल मागच्या दारानं पसार झाला. तक्रार दिली आहे. पण एका मफद्दलला पकडून भागायचं नाही. उद्या दुसरा येईल, त्याच्या हातात याहून नवं यंत्र असेल. यंत्राला नावं ठेवू नका. त्यानं आम्हाला ताजिनं विकून दिली होती. चमत्कार दिसला की एवढंच करा: घड्याळ काढा, वेळ लिहा, प्रश्न तुम्ही विचारा आणि केव्हा विचारायचा तेही तुम्हीच ठरवा. खऱ्या गोष्टीला याचा राग येत नाही.

आता कुणी काय भरलं. मफद्दलनं तीन महिन्यांचं संगणकाचं भाडं. बूसल्हामनं अठराशे दिरहम, शिवाय सासूचे टोमणे. अठरा कुंभारांनी बेर्तलाँ गमावला. त्यानं पुढची ऑर्डर पोर्तुगालात दिली. मी निळ्या रंगाची चार पिंपं, पडून. आणि लल्ला रकियानं एकच नवरा दोनदा पुरला.