सेबाची काडी

“हे काय खुपसलं माह्या पिशवीत?”

शकुंतलाने वाणाची पिशवी ओट्यावर उपडी केली. हळदीकुंकवाला वाटायच्या गाळण्या पडल्या, तिळाच्या लाडवांची पुडी पडली आणि त्यांच्यामागून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड तीन काड्या.

“सेबाच्या काड्या हायेत,” देवीदास दारातून म्हणाला. तो दारातच उभा होता, म्हणजे एक पाय आत आणि एक बाहेर. “रवींद्राच्या घरी जाऊनच राहिली न तू? त्याच्या बायकोजवळ देजो. म्हणावं, तुमच्या झाडावर बांधून घ्या.”

“मी नाही देत.”

“काहून?”

“तुमचा निरोप तुम्हीच न्या.” तिने गाळण्या पुन्हा भरल्या, काड्या तिथेच ठेवल्या.

देवीदास फाटकापर्यंत जाऊन आला. हे त्याचं नेहमीचं. सौंसरच्या बस स्टँडवर खासगी गाड्यांचा एजंट म्हणून त्याने जन्म काढला होता. ‘सावनेर, नागपूर’ ओरडायचं, म्हाताऱ्यांना दंडाला धरून चढवायचं, गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची आणि पुढच्या गाडीकडे पळायचं. काम सुटलं, पण ते पायांना कोणी सांगितलंच नाही. घरात चहा पितानाही तो उभ्यानेच पिई.

त्याच्या घरी एका जागी उभं राहिलेलं असं एकच होतं, ते सेबाचं, म्हणजे सफरचंदाचं झाड.

काम सुटलं त्याच पावसाळ्यात बोरगाव फाट्यावर नर्सरीची गाडी उभी दिसली, तिच्यावरून त्याने ते घेतलं. विकणारा म्हणाला होता, “एकट्याले फळ नाही धरत भाऊ, जोडी लावा.” देवीदासने एक सेब घेतलं आणि एक नाशपाती. झाली जोडी! संत्र्याच्या मुलखात सेब लावणाऱ्याला लोक सोडतात थोडेच. स्टँडवरची पोरं विचारत, “देवीदासभाऊ, कश्मीरची गाडी किती वाजता?” तो डिसेंबरात झाडाची पानं हाताने ओरबाडायला लागला, म्हणजे झाडाला थंडी पडल्यासारखं वाटून ते झोपी जावं, तेव्हा तर शेजाऱ्यांनी त्याला वेड्यातच काढलं. पण गेल्या फेब्रुवारीत झाड गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलं आणि गल्लीतल्या बायका फोटो काढायला आल्या. पुढे फुलं गळून गेली आणि फळ एकही धरलं नाही. नंतर कळलं, सेबाला दुसऱ्या जातीचं सेबच लागतं, नाशपाती चालत नाही.

“लग्नात नवरीच्या जागी करवली उभी केली तुम्ही,” शकुंतला हसून लोळली होती.

आता हसण्यासारखं उरलं नव्हतं. नागपूरला नोकरीला असलेल्या आशिषला घरावर खोली बांधायची होती आणि जिना नेमका झाडाच्या जागेवरून चढणार होता. मिस्त्री रविवारी येणार होता. नाशपाती भिंतीकडेला, म्हणून वाचली. सेब हलवावं तर बाकी अंगण फरशीखाली. “बाबा, दुसरं घेऊन देतो,” पोरगा म्हणाला होता. वाईट नव्हता तो. हिशेबात झाड बसत नव्हतं, एवढंच.

तेव्हा एकच वाट होती. आपल्या झाडाची काडी दुसऱ्या सेबावर कलम करून बांधायची. आणि दुसरं सेब देवीदासच्या माहितीत एकाच घरी होतं. नर्सरीच्या त्याच गाडीच्या पलीकडच्या बाजूला त्या दिवशी रवींद्र उभा होता. रोपांच्या फटीतून दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही पानं तपासायला लागले.

रवींद्र घड्याळजी. स्टँडला लागूनच त्याची टपरी. एक जन्मभर पळाला, दुसरा त्याच्या समोर जन्मभर बसून राहिला, आणि तरी दोघांचा डबा एकच. मग रवींद्राच्या मुलीचं, हिमानीचं लग्न ठरलं. पत्रिका आली ती चहावाल्या पोराच्या हातून, बशीखाली दाबून. जवळच्या माणसाला पत्रिका घरी येऊन, अक्षत लावून द्यायची असते. देवीदासच्या डोक्यात सगळ्या गावाची नोंद असे. कोण कोणाच्या दारी स्वतः आला आणि कोणी नुसता फोन केला. रवींद्राचं पान त्याने त्याच दिवशी बंद केलं. लग्नाला तो गेला नाही.

शकुंतला पदर सारखा करून निघाली. फाटकाशी थांबली.

“पत्रिका दुसऱ्याच्या हातानं आली म्हून इतकी वर्षं फुगून राहिले न तुम्ही? अन् आता काड्या कोणाच्या हातानं पाठवून राहिले?”

ती गेली. देवीदास अंगणात चार फेऱ्या मारून आला. फडकं वाळत होतं. त्याने त्यावर पाणी शिंपडलं, पुन्हा फाटकापर्यंत गेला, परत आला. कापलेली काडी कोणाचा रुसवा संपायची वाट पाहत नाही. शेवटी त्याने काड्या शर्टाखाली घातल्या आणि निघाला.

रवींद्र अंगणात खुर्चीवर ऊन खात बसला होता. त्याचं सेब देवीदासच्या झाडापेक्षा ठेंगणं होतं, पण बुंध्याशी आळं कसं गोल, नीट.

“मी स्वतः आलो,” देवीदास फाटकातूनच म्हणाला. “कोणाच्या हातानं नाही पाठवलं.”

“दिसून राहिलं,” रवींद्र म्हणाला. “शर्टातून पाणी काहून गळते बे?”

देवीदासने काड्या काढल्या. “तुह्या झाडाले फळ नाही धरत.”

“तुह्या धरते?”

“माहं वेगळ्या जातीचं हाये. तुह्यावर बांधलं त दोघांलेही धरन. तुह्या फायद्याचं सांगून राहिलो.”

“अन् तुहा काय फायदा?”

देवीदासने खांदे उडवले. मग त्याच्याने राहवलं नाही. “रविवारी तोडून राहिले. जिना येते तिथं.”

रवींद्र आत गेला आणि पातं घेऊन आला. येताना घड्याळं पाहायचं भिंगही डोळ्याला लावून आला.

“घड्याळ हाये का ते?” देवीदास म्हणाला.

“फांदी धर. हालू नको.”

संत्र्याचा डोळा भरणं या गावात सगळ्यांनीच पाहिलेलं. सेबाचं काम वेगळं. रवींद्राने फांदीचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला पाचरेसारखं तासलं. काडीची साल फांदीच्या सालीला भिडली पाहिजे, केसाएवढी सरकली तरी गेलं. देवीदास दोन्ही हातांनी फांदी धरून उभा राहिला. तिकडे स्टँडवर हॉर्न वाजला आणि त्याचा पाय आपोआप उचलला गेला.

“थांब बे!”

तो थांबला.

“आता धरून हायेस म्हून सांगतो,” रवींद्र पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाला. “पत्रिका घेऊन मीच आलो होतो. नवी टोपी घालून, अक्षता घेऊन. तू म्हटलं, ‘थांब, एवढी गाडी काढतो.’ ती गेली, दुसरी आली. तू पुन्हा हात दाखवला. तिसरी आली. माहं दुकान उघडं होतं. मग त्या पोट्ट्याजवळ देल्ली.”

देवीदासच्या तोंडाशी काहीतरी आलं. पण त्यासाठी हात हलवून बोलावं लागलं असतं आणि हातात फांदी होती.

“मग तवाच काहून नाही सांगतलं?” तो हळूच म्हणाला.

“तू थांबला कधी?”

तीन काड्या बांधून झाल्या. रवींद्राने प्रत्येकीवर पारदर्शक पन्नी चढवली. आतून शकुंतला आणि रवींद्राची बायको गाळण्या हातात घेऊन पाहत होत्या.

रविवारी मिस्त्री यायच्या आधीच देवीदास घरून निघाला. जाताना झाडाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं आणि फाटक ओढून घेतलं. रवींद्राच्या अंगणात टपरीतलं जुनं, गिऱ्हाइकाचं स्टूल होतं. जन्मभरात देवीदास त्यावर कधी टेकला नव्हता.

ऊन चढलं तसा फोन वाजला.

“बाबा, झाड काढून राहिलो. कुठं हायेत तुम्ही? येता का?”

पलीकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. देवीदासने फोन कानापासून थोडा दूर धरला.

“काढा तुम्ही,” तो म्हणाला. “मी इथं बसून हाये.”

स्टँडवरून नागपूरची गाडी सुटल्याचा आवाज आला. काड्यांवर ऊन येत होतं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बसल्या बसल्याच तो दोन्ही हातांनी त्यांच्यावर धरला.